छोटा फ्लॅट, मोजका खर्च: किंमत वाढवणारं काम कुठून सुरू करायचं

फ्लॅट बघायला आलेला माणूस हॉलमध्ये फार वेळ थांबत नाही. तो बाथरूमचं दार उघडतो, छताच्या कोपऱ्याकडे बघतो, नळ सोडून पाणी कसं येतंय आणि कसं जातंय ते पाहतो. कुठे पिवळा डाग दिसला, कुबट वास आला, की त्याच्या मनात आकडेमोड सुरू होते. ओल नेमकी कुठून येतेय हे त्याला माहीत नसतं. म्हणून तो सगळ्यात वाईट शक्यता गृहीत धरतो आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करतो. प्रत्यक्षात गळती एका जॉइंटची असते, पण तो कापतो ते अख्खं बाथरूम फोडण्याचे पैसे.

माझ्या मते कमी बजेटच्या नूतनीकरणाचं सगळं गणित इथे आहे. देखण्या घरासाठी लोक थोडे जास्त पैसे देतात, पण शंका आलेल्या घरासाठी बरेच कमी देतात. त्यामुळे पहिला पैसा शंका घालवण्यावर, दुसरा उजेडावर आणि स्वच्छतेवर, आणि उरलाच तर तिसरा हौसेवर. भाड्याने देण्यासाठी काम काढलं असेल तरी हाच क्रम ठेवा.

आधी खर्चाची मर्यादा

तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत, तेवढ्याच आकाराचा, उत्तम स्थितीतला फ्लॅट कितीला गेला ते शोधा. जाहिरातीतला भाव धरू नका, प्रत्यक्ष झालेला व्यवहार धरा. समजा आहे त्या अवस्थेत तुमच्या फ्लॅटची किंमत १०० आहे आणि सर्वोत्तम फ्लॅट ११२ ला गेला. मग तुमच्या हातात फरक आहे फक्त १२ चा, आणि तो सगळा खर्चून उपयोग नाही. मी त्याच्या निम्म्याच्या आत, म्हणजे ५ ते ६ पर्यंत थांबायला सांगेन. इमारतीच्या कमाल भावाच्या वर सहसा कोणी जात नाही, आत कितीही महागडी टाइल लावली तरी.

वाटणी ढोबळमानाने अशी: बाथरूम आणि प्लंबिंगला ३५ टक्के, स्वयंपाकघराला २०, विजेला १५, रंग-दारं-खिडक्यांना १५ आणि राखीव १५. इमारत जुनी असेल तर राखीव रक्कम २० टक्क्यांपर्यंत न्या, कारण भिंत उघडल्यावर काय निघेल ते आधी सांगता येत नाही. ही राखीव रक्कम टाइल्सच्या दुकानात उभं असताना संपवायची नसते.

पाहणी: एक दिवस, एक वही

कंत्राटदाराला बोलावण्याआधी स्वतः घर तपासा. कारण समजलेलं असलं की अर्धी फोडतोड टळते.

भिंतीवर ओल असेल तर ती बाहेरून झिरपतेय की खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय, हे आधी ठरवा. साधारण एक फूट चौरस ॲल्युमिनियम फॉइल घ्या, ओल असलेल्या जागेचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा आणि फॉइल चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. २४ ते ४८ तासांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर दोष हवा खेळत नसण्याचा आहे, तिथे एक्झॉस्ट पंखा पुरतो. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही कारणं आहेत. पांढरी, भुरभुरीत खार दिसली तर पाणी बऱ्याच काळापासून गिलाव्यातून ये-जा करतंय असं समजा. अशा जागी फक्त पुट्टी आणि रंग लावला तर काही महिन्यांत पुन्हा पोपडे धरतात.

पाइपची गळती शोधायला पाण्याचा मीटर वापरा. सगळे नळ बंद करा, आकडा लिहा, दोन तास पाण्याला हात लावू नका. आकडा सरकला तर कुठेतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि १५-२० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं रबर गेलंय, आणि ते बदलायला अगदी किरकोळ खर्च येतो.

बाथरूमच्या दाराजवळ तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. कोपऱ्यात साचत असेल तर उतार चुकलाय. टाइल्सवर नाण्याने टकटक करत फिरा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. प्रत्येक दार, खिडकी, बटण, सॉकेट एकदा वापरून बघा आणि वहीत लिहा. ही वही पुढे कोटेशनचा पाया होते.

काय तोडायचं नाही

खांब, तुळई आणि स्लॅबला हात लावायचा नाही. पाइपसाठी एवढीशी खाच, असं म्हणूनही नाही. भारवाहक भिंत असेल तर तीही तशीच. कुठली भिंत भार घेते याचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, गवंड्याचा नाही. खाचांसाठी जुना दंडक असा की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक-षष्ठांशाहून खोल नको. आडवी खाच भिंतीला जास्त कमकुवत करते, म्हणून वायर आणि पाइप शक्यतो उभेच न्या.

बाथरूम किंवा स्वयंपाकघराची जागा बदलू नका. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. त्यासाठी फरशी उचलावी लागते, आणि खालच्या घरातल्या माणसाच्या बेडरूमवर तुमचं बाथरूम आलं तर भांडण कायमचं. काम सुरू करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. तो कागद पुढे विक्रीच्या वेळीही लागतो.

इमारत फार जुनी असेल तर आणखी दोन गोष्टी. सिमेंटचे जुने पत्रे, पाइप किंवा जुनी चिकटवलेली फरशी यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते तपासल्याशिवाय फोडायचं नाही. आणि दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. पाणी मारून ओलाच घासायचा, आणि लहान मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवायचं.

कोटेशन आणि कामाचा क्रम

एकरकमी आकडा घेऊ नका. प्रत्येक कामाचं माप, दर आणि वापरायच्या मालाचं नाव लिहून घ्या: इतके चौरस फूट वॉटरप्रूफिंग, अमुक प्रकार, इतके कोट. निदान तीन जणांकडून, त्याच वहीवरून. मलबा खाली उतरवण्याचा आणि हलवण्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेलं नसेल तर तो तुमच्याच माथी येतो. पैसे टप्प्याटप्प्याने, काम झाल्यावर द्या आणि शेवटचे १० टक्के हातात ठेवा.

क्रम असा: फोडतोड, मग पाइप आणि वायरिंगच्या खाचा, पाइपची दाबचाचणी, गिलावा, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, टाइल्स, पुट्टी आणि प्रायमर, रंगाचा पहिला हात, सुतारकाम, नळ-दिवे-फिटिंग, आणि सगळ्यात शेवटी रंगाचा अखेरचा हात. सुताराच्या आधी रंग पूर्ण केला तर रंगाऱ्याला परत बोलवावं लागतं आणि मजुरी दोनदा जाते.

पाणी: इथे कंजुषी नको

बाथरूम फोडायचं की नाही, हा सगळ्यात महाग प्रश्न आहे. खालच्या घरात डाग नाही, बाहेरच्या भिंतीला ओल नाही, उतार ठीक आहे, तर फोडू नका. जुन्या टाइल्स स्वच्छ करून सांधे नव्याने भरले तरी बाथरूम नवं वाटतं. पण ते नीट करायला हवं. जुनं ग्राउट टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून काढा. वरवर फासलेलं नवं ग्राउट लवकर निघून येतं. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा, कारण तिथे बारीक हालचाल होत राहते आणि ग्राउटला चीर जाते. नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही. जुनं ब्लेडने पूर्ण काढून, स्पिरिटने पुसून, कोरडं झाल्यावरच नवं लावा आणि २४ तास पाणी लावू नका.

दुर्गंधी येत असेल तर आधी नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं, पाणी अडवून ठेवणारं भांडं) उघडून पाहा. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहिलं पाहिजे, तेच वायू वर येऊ देत नाही. आतली वाटी हरवलेली असते किंवा बंद घरात पाणी वाळून गेलेलं असतं, आणि लोक मात्र ड्रेनेज बदलायला निघतात.

फोडायचंच ठरलं, तर अर्धवट करू नका. जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद होतात, ते याच वेळी बदला. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा पीपीआर (उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप) घ्या. साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी नसतो. खाचा बुजवण्याआधी प्लंबरकडून हातपंपाने दाबचाचणी करून घ्या. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब दिल्यावर काटा स्थिर राहिला पाहिजे.

मग भिंतींचे फोटो काढा. मोजपट्टी फरशीपासून वर धरून एक आणि कोपऱ्यापासून आडवी धरून एक, म्हणजे कुठला पाइप किती इंचांवर आहे ते फोटोतच वाचता येईल. पुढे कोणी भिंतीत खिळा ठोकायला निघालं की हाच फोटो कामाला येतो.

वॉटरप्रूफिंगमध्ये पाणी जातं ते मधल्या सपाट भागातून नाही, तर कोपरे, पाइपभोवतीची भोकं आणि ट्रॅपची कड इथून. पाइपभोवती आकुंचन न पावणारं ग्राउट भरा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात मॉर्टरची गोलाई करा, कारण काटकोनात कोटिंग पातळ बसतं आणि तिथेच फाटतं. पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. फरशीवरून भिंतीवर निदान ३० सेंटिमीटर आणि शॉवरच्या भिंतीला साधारण दोन मीटर उंचीपर्यंत.

कोटिंग वाळल्यावर ट्रॅप बंद करून एक-दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. शेजारी एका उथळ भांड्यात पाणी भरून त्यालाही रेघ मारून ठेवा. पाणी थोडं उडून जातंच, ते किती ते त्या भांड्यावरून कळेल. बाथरूममधली पातळी त्याहून जास्त उतरली किंवा खालच्या घराच्या छताला ओल दिसली, तर टाइल लावायची नाही. गवंडी घाई करतील, दुसरं काम थांबलंय म्हणतील. तरीही दोन दिवस थांबाच. टाइल लागल्यावर दोष सापडला तर सगळं काम पहिल्यापासून.

फरशीला दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार हवा, आणि बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा थोडी खालीच राहिली पाहिजे. जुन्यावर नवी टाइल लावताना हेच विसरलं जातं.

वीज

२३० व्होल्टच्या घरांत सर्वसाधारण पद्धत अशी: दिव्यांना १.५, सॉकेटला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि गीझर-एसीला स्वतंत्र सर्किट. जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर बदलाच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, विजेच्या धक्क्यातून जीव वाचवणारं उपकरण ते. त्याचं टेस्ट बटण दाबून समोरच्याला दाखवता येतं, ही विक्रीच्या दृष्टीनेही चांगली गोष्ट. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. बोर्डावरच्या प्रत्येक एमसीबीखाली (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) नाव लिहा. स्विच मात्र सगळे एकाच मालिकेचे घ्या. खर्च थोडाच होतो, पण पिवळे पडलेले, वेगवेगळे स्विच घराचं वय लगेच सांगतात.

दिव्यांत एका खोलीत एकच छटा ठेवा. झोपायच्या खोलीत पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्विन, स्वयंपाकघरात त्याहून पांढरी, ४००० केल्विन. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त असलेले दिवे घेतले तर रंग मळकट दिसत नाहीत. कमी जागेत मधोमध एक झगझगीत दिवा लावण्यापेक्षा तीन-चार मध्यम दिवे बरे, त्याने कोपरे उजळतात आणि खोली मोठी भासते.

स्वयंपाकघर: बदलण्याआधी वाचवा

इथे सगळ्यात जास्त पैसे विनाकारण जातात. मॉड्युलर कंपनीचा माणूस पूर्ण किचन बदलायला सांगतो, पण कपाटांचा सांगाडा बऱ्याचदा धडधाकट असतो, खराब झालेली असतात ती शटर आणि बिजागऱ्या. सिंकखालच्या तळफळीत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर प्लाय कुजलाय. तेवढी तळफळी काढून पीव्हीसी बोर्ड टाका. बाकी सांगाडा ठेवा.

शटरवर नवं लॅमिनेट लावता येतं किंवा नीट घासून, चिकटणारा प्रायमर देऊन रंगवता येतं. लपलेल्या बिजागऱ्यांची वाटी बहुधा ३५ मिलिमीटर व्यासाची असते. त्यामुळे त्याच भोकात नवी, आवाज न करता हळू मिटणारी बिजागरी बसण्याची शक्यता चांगली असते. एक जुनी बिजागरी सुटी करून दुकानात घेऊन जा, म्हणजे वाटीबरोबर तिचा बाकही जुळवता येईल. हँडल घेताना दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजा. बाजारात ९६, १२८, १६० मिलिमीटर ही मापं सर्रास मिळतात. त्याच मापाचं हँडल घेतलं तर नवं भोक पाडावं लागत नाही आणि जुनं बुजवावं लागत नाही. गळणारा मिक्सर नळही टाकून देऊ नका. आतलं सिरॅमिक कार्ट्रिज बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटरचं असतं आणि ते सुटं मिळतं.

ओटा बदलायचाच असेल तर उंची ८५ ते ९० सेंटिमीटर, खोली ६० सेंटिमीटर. वरची कपाटं थेट छतापर्यंत न्या. त्यांच्या माथ्यावर साचणारा चिकट थर बंद होतो आणि साठवणही वाढते. ओटा आणि भिंतीमधल्या फटीत सिलिकॉन भरायला विसरू नका.

फरशी, भिंती, दारं

फरशी शाबूत असेल तर मशीनने घासून घ्या किंवा खोल स्वच्छ करून सांधे भरा. जुनीवर नवी टाइल लावायची तर पोकळ टाइल्स आधी काढा, आणि गोंदाच्या पिशवीवर सी२ किंवा त्याहून वरचा वर्ग लिहिलाय ते बघा. फरशी वर आली की दारं खालून कापावी लागतात, तो खर्च आधीच धरा. सगळ्या घराला एकच फरशी दिली तर छोटं घर सलग वाटतं. टाइल १० टक्के जास्त घ्या, तिरकी लावणार असाल तर १५ टक्के, आणि सगळी खोकी एकाच शेड क्रमांकाची.

रंगात खरा फरक पडतो तो घासण्याने. नवा सिमेंटचा गिलावा वाळायला साधारण २८ दिवस लागतात. त्याआधी रंगवला तर फुगे येतात. जुन्या भिंतीला सुटे पोपडे खरवडून काढणं, चिरा भरणं, पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. प्रायमर लागल्यावर रात्री हातातला दिवा भिंतीला चिकटून आडवा धरा. उंचवटे, खड्डे सगळे सावलीत उघडे पडतात. तिथेच पेन्सिलने गोल करून रंगाऱ्याला दाखवा. छटा फिकीच निवडा. काही कंपन्यांच्या शेडकार्डवर एलआरव्ही हा आकडा असतो, तो ७० च्या वर असेल तर भिंत उजेड परत टाकते. छटा मोठ्या कागदावर लावून सकाळी आणि दिव्यात, दोन्ही वेळी बघा.

सरकत्या खिडक्या जड चालत असतील तर खालची चाकं आणि रबर बदला, आणि रुळातली पाणी बाहेर जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. पावसात खिडकीखाली येणारी ओल कित्येकदा तेवढ्याने थांबते. मुख्य दाराला पॉलिश, नवं कुलूप, सरळ बसलेली कडी. छोट्या बाथरूमचं आत उघडणारं दार सरकतं केलं तर वॉशबेसिनला जागा मिळते.

हे करू नका

बेडरूमची भिंत पाडून हॉल मोठा करू नका, कारण खोल्यांची संख्या कमी झाली की भाव उतरतो. छत बुटकं असेल तर अख्ख्या घराला फॉल्स सीलिंग नको. भिंतभर कोरीव फर्निचर, गडद रंगाची खास भिंत, आयात केलेले नळ यांतले पैसे क्वचितच परत येतात, कारण विकत घेणाऱ्याची आवड तुमच्यासारखीच असेल असं नाही. बाल्कनी आत घेण्याचा मोह तर टाळाच. परवानगीशिवाय केलेला बदल बँकेच्या कर्जाच्या वेळी नेमका आडवा येतो.

ताबा आणि कागद

काम संपल्यावर पहिलीच वही उघडा आणि प्रत्येक ओळ पुन्हा तपासा. सगळे नळ एकदम सोडा, सगळी बटणं, सगळे ड्रॉवर. राखून ठेवलेले १० टक्के दोन आठवडे रोजचा वापर झाल्यावरच द्या, बारीक गळत्या तेवढ्या काळात दिसतात.

एक फाइल करा: परवानगीचं पत्र, भिंती बंद होण्याआधीचे फोटो, वॉटरप्रूफिंगच्या मालाची बिलं आणि हमीपत्र, पाणी भरून केलेल्या चाचणीचे तारखेसह फोटो, वायरमनचा अर्थिंगचा अहवाल. बघायला आलेल्या माणसाने ओलीबद्दल विचारलं की ही फाइल त्याच्या हातात द्या. भाव करताना त्याला वजा करायला फारसं काही उरत नाही.

उरलेल्या टाइल्सपैकी प्रत्येक प्रकारच्या सहा-सात जपून ठेवा आणि खोक्यावर शेड क्रमांक व खोलीचं नाव लिहा. रंगाच्या डब्याच्या झाकणावरचा कोड फाइलमध्ये उतरवून घ्या, कारण उघडलेला डबा कालांतराने वाळतो आणि कोड नसेल तर तीच छटा पुन्हा मिळवणं अवघड जातं.